न पटलेली पायरी



पुंजयामिकी, म्हणजेच क्वांटम मेकॅनिक्स, हा विषय आम्ही निवडला याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. आमची हयात केंद्र सरकारच्या फायली चाळण्यात गेली. परंतु आपल्या मंडळातील अनेक घरांतील मुलेमुली बी. एस्सी.च्या वर्गात बसतात आणि या विषयात चांगले गुण मिळवूनही ‘समजले मात्र नाही’ असे सांगतात. आपण वडीलधारी मंडळी बहुधा म्हणतो, “आता पाठ कर, पुढे समजेल.” या उत्तराविषयीच आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत.

पाठ्यपुस्तकांत या विषयाचा आरंभ बहुधा तापलेल्या वस्तूच्या प्रकाशापासून होतो. लोहाराच्या भट्टीतील लोखंड आधी तांबूस, मग पिवळसर आणि अधिक तापल्यावर पांढरे दिसते. कोणत्या तपमानाला कोणत्या रंगाचा प्रकाश किती, हे गणित जुन्या भौतिकीला सुटेना. 1900 साली बर्लिन येथे माक्स प्लांक यांनी ते सोडविले. त्यासाठी ऊर्जेची देवघेव सलग धारेने न होता ठराविक मापाच्या पुंजांनी होते, असे त्यांना मानावे लागले. सूत्र प्रयोगाशी उत्तम जुळले. पण त्याच्या सिद्धतेत एक सांधा उघडा राहिला. सिद्धतेचा एक भाग नव्या पुंजकल्पनेवर, तर दुसरा प्रकाश ही लाट आहे या जुन्या मतावर उभा होता.

ढाका विद्यापीठ 1921 साली सुरू झाले आणि त्याच वर्षी सत्येंद्रनाथ बोस तेथे भौतिकी शिकवू लागले. वय 27, पदवी एम. एस्सी.; डॉक्टरेट त्यांनी पुढेही कधी घेतली नाही. विद्यार्थ्यांपुढे हा विषय मांडताना तो उघडा सांधा त्यांना खुपू लागला. स्वतःस न पटलेली पायरी दुसऱ्यास कशी पटवावी? ‘परीक्षेपुरते लिहून घ्या’ हा सोपा मार्ग त्यांनी पत्करला नाही. त्यांनी नवी सिद्धता शोधली आणि 4 जून 1924 रोजी ती पत्रासोबत आइन्स्टाइन यांच्याकडे धाडली. आइन्स्टाइन यांनी स्वतः जर्मन भाषांतर करून ती त्याच वर्षी प्रसिद्ध करविली.

बोस यांनी काय केले, ते हिशेबाच्या भाषेत सांगता येईल. दोन नाणी आणि दोन खिसे घ्या. नाणी वेगवेगळी ओळखता येतात, म्हणून ती ठेवण्याचे प्रकार चार: दोन्ही उजवीकडे; दोन्ही डावीकडे; पहिले उजवीकडे व दुसरे डावीकडे; आणि याच्या उलट. आता नाण्यांऐवजी बँकेतील दोन रुपये आणि दोन खाती घ्या. खात्यातील हा रुपया पहिला आणि तो दुसरा, असे कोणासही म्हणता येत नाही. म्हणून प्रकार तीनच. प्रत्येक प्रकार सारखाच संभवनीय धरला, तर दोन्ही एकत्र सापडण्याची शक्यता नाण्यांच्या बाबतीत निम्मी आणि रुपयांच्या बाबतीत दोन तृतीयांश येते. प्रकाशाचे कण या रुपयांप्रमाणे मोजावे लागतात. ते ज्या घरांत मांडावयाचे त्या घरांची संख्याही बोस यांनी लाटेचा आधार न घेता काढली, आणि प्लांक यांचे सूत्र निर्वेधपणे हाती आले. असे मोजले जाणारे कण आज बोसॉन म्हणून ओळखले जातात. इलेक्ट्रॉनांचा न्याय मात्र निराळा: तेथे एका घरात एकच.

याच बोस यांनी 1948 साली कलकत्त्यास ‘बंगीय विज्ञान परिषद’ स्थापन करून बंगाली भाषेत विज्ञान आणण्याचे कार्य केले. मुंबईत 1966 साली स्थापन झालेली ‘मराठी विज्ञान परिषद’ आपल्या भाषेत तेच व्रत चालवीत आली आहे. शिकविताना शंका न दडपणे आणि ती स्वभाषेत मांडता येणे, या दोन गोष्टींचे नाते आम्हांस फार जवळचे वाटते.

आपली मुले महाविद्यालयात इंग्रजी बोलतात, बाजारात या प्रांताची भाषा आणि घरी मराठी. घरची मराठी जेवणाखाण्यापुरती उरली, तर विचार करण्यास त्यांना आपली म्हणावी अशी भाषा कोणती राहील? केंद्र सरकारने 2023 साली राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी देऊन 2030–31 पर्यंतच्या कालावधीसाठी सुमारे 6,000 कोटी रुपये ठरविले. पैशाची तरतूद आदेशाने होते. समजुतीची तरतूद वर्गात आणि घरातच व्हावयाची.

म्हणून आमची एक सूचना आहे. मंडळाच्या ग्रंथालयात महिन्यातून एका रविवारी एखाद्या विद्यार्थ्याने आपला धडा पंधरा मिनिटे मराठीत सांगावा. इलेक्ट्रॉनला इलेक्ट्रॉनच म्हणावे. शब्दांसाठी अडून राहू नये. आम्हां वडीलधाऱ्यांनी अज्ञानाचा संकोच न बाळगता विचारावे, “कोणती पायरी तुला पटली नाही?” उत्तर आपणांस समजलेच पाहिजे असे नाही. आपली अडचण ऐकून घेणारे घरात कोणी आहे, एवढे मुलास कळले तरी पुष्कळ झाले.

पन्नास वर्षे या मंडळाने गणेशोत्सव, नाटके आणि ग्रंथालय निष्ठेने सांभाळले. त्यात या रविवारची भर पडावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.