समुद्रकाठच्या शाळेतील संगणक : मदरबोर्ड व वीजपुरवठा यांची पारख



शिरोड्याच्या मिठागरांत मीठ पिकते ते उन्हाळ्यात. मृगाचा पाऊस लागला की घरच्या बरणीतल्या मिठालाही पाणी सुटते, हे तेथील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु शाळेत आच्छादन घालून ठेवलेल्या संगणकाशी या गोष्टीचा संबंध आहे, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही. १९३० च्या मे महिन्यात ज्या मिठासाठी या गावी सत्याग्रह झाला, तेच मीठ खाऱ्या वाऱ्याबरोबर खिडकीतून आत येते व मदरबोर्डवर सूक्ष्म थराने बसते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याहूनही लवकर ओलावते. खारट पाणी विजेचे वाहक असते. मग तांब्याच्या बारीक रेषा हिरवट पडतात आणि जोडण्यांचा परस्परस्पर्श सुटतो.

सुट्टीनंतर जूनमध्ये शाळा उघडते, कळ दाबली जाते, आणि यंत्र मुके राहते. ‘मदरबोर्ड गेला’ असा शेरा पडतो, यंत्राचे नाव निर्लेखनाच्या यादीत जाते, आणि नवा संच येईपर्यंत मुलांच्या वाट्याला पुस्तकातले संगणकाचे चित्र तेवढे उरते. वस्तुतः असा शेरा मारण्यापूर्वी दोन घटकांची परीक्षा पुरे. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर मात्र त्याचे झाकण उघडू नये.

प्रथम वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, पाहावी. भिंतीतील २३० व्होल्टचा प्रवाह ही पेटी १२, ५ व ३.३ व्होल्टमध्ये उतरविते. संच बंद असतानाही प्लग लावलेला असेल, तर जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. ते मिळाल्यावर प्लग काढून पेटीच्या सर्व जोडण्या सोडवाव्यात, २४ टोकांच्या जोडणीतील हिरवी तार एका काळ्या तारेशी जोडावी, आणि मगच पुन्हा वीज द्यावी. पंखा फिरला म्हणजे पेटी चांगली, असे मात्र समजू नये. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि तांबड्यावर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मापकावर दिसावेत. काही कंपन्यांच्या संचांत जोडणी निराळी असते. तेथे रंगांवर विसंबू नये. पेटी स्वतः कदापि उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्या धारित्रांत तीनशे व्होल्टच्या आसपास भार राहू शकतो, व तो प्राणघातक ठरतो.

पेटी निर्दोष ठरली तरच मदरबोर्डकडे वळावे. स्मृतिपट्टी काढून तिची पिवळी टोके खोडरबराने हलकेच पुसून ती परत बसविली, एवढ्यानेच कित्येक ‘मेलेले’ संच बोलू लागतात. पांढरी अथवा हिरवी बुरशी दिसली तर नुसत्या अल्कोहोलने पुसण्याची पद्धत अपुरी आहे. मीठ अल्कोहोलमध्ये फारसे विरघळत नाही. ते पाण्यात विरघळते. म्हणून मऊ ब्रश बॅटरीच्या शुद्ध पाण्यात किंचित भिजवून तो भाग साफ करावा, मग अल्कोहोल फिरवावे, आणि पूर्ण सुकल्याखेरीज वीज देऊ नये. तारीख रोज मागे जात असेल, तर सीआर २०३२ जातीचा नाण्याएवढा सेल बदलावा. धारित्रांची डोकी फुगलेली असल्यास काम कारागिराकडे द्यावे.

भूसंपर्काची गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. त्याच्या खड्ड्यात कोळसा व मीठ घालतात, ते ओलावा धरून ठेवण्यासाठी. जे मीठ बोर्डाचा नाश करते तेच येथे रक्षण करते! पण जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही. मेअखेर खड्डा कोरडा पडतो, आणि वळवाचा गडगडाट त्याच सुमारास होतो. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. ढग गरजू लागताच प्लग काढून ठेवावा. नुसती कळ बंद करणे पुरत नाही.

सुधारणा करावयाची झाल्यास पैसा आधी चांगल्या पेटीवर व भूसंपर्कावर घालावा, त्यानंतर स्मृती वाढवावी व फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसवावी. नवा मदरबोर्ड बहुधा आपल्याबरोबर नवा प्रोसेसर व नवी स्मृतीही मागतो; डीडीआर-३ ची पट्टी डीडीआर-४ च्या खाचेत बसतच नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जे जुने संच विंडोज ११ घेऊ शकत नाहीत, ते लिनक्सवर बालवर्गांसाठी अजून पुष्कळ चालतील. तेवढ्यासाठी बोर्ड बदलणे उधळपट्टी होय.

प्रत्येक परीक्षेचे आकडे जडवस्तू नोंदवहीत तारखेसह लिहावेत. निर्लेखनाचा प्रस्ताव गेलाच, तर तो त्या आकड्यांसह जावा. काढलेली पेटी मुलांच्या हाती खेळण्यास न देता ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे सोपवावी.