लोणंदचा कांदा आणि बॅटरीचा शेअर

खंडाळा म्हटलं, की मुंबई-पुण्याकडच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे धुकं, धबधबे आणि भाजलेली कणसं येतात. तो खंडाळा लोणावळ्याच्या शेजारचा. आमचा खंडाळा सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. इथं धुक्यापेक्षा पाण्याच्या टँकरची आठवण जास्त. गेल्या काही वर्षांत मात्र शिरवळपासून महामार्गाच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहिले. एशियन पेंट्सचा मोठा कारखाना २०१३ साली तालुक्यात सुरू झाला. कारखाने आले, तशा जमिनी गेल्या, आणि ज्या घरांत पूर्वी सोसायटीच्या कर्जाची नोटीस यायची तिथं मोबदल्याचा धनादेश आला.

त्यातलंच एक घर माझ्या बहिणीचं. दिवाळीनंतरच्या रविवारी भाचा आला. चहा झाला, पावसाचं बोलून झालं, आणि मग त्यानं मोबाइल पुढं केला. "मामा, अकरा लाख शिल्लक आहेत. सगळे या कंपनीत घालतो म्हणतो. इलेक्ट्रिक गाड्यांना बॅटऱ्या पुरवते. आता जमानाच बॅटरीचा आहे."

मी तीस वर्षं बँकेत काढली. त्यामुळे नातेवाइकांचा समज असा, की मला पैशातलं सगळं कळतं. हा समज किती महागात पडतो ते माझ्या बहिणीला विचारा. जानेवारी २००८ मध्ये बाजार तेजीत असताना मीच तिला एक शेअर घ्यायला लावला होता. वर्षभरात त्या पैशाचा तिसरा हिस्सा उरला. तिनं आजवर एका शब्दानं ते काढलेलं नाही, आणि म्हणूनच ते मला जास्त बोचतं. तेव्हा भाच्याला "घे" म्हणायचा धीर होईना, आणि नुसतं "नको" म्हटलं तर तो ऐकणारा नव्हता.

मी त्याला विचारलं, "लोणंदच्या बाजारात कांद्याला मागणी कमी झालीय का रे कधी?" तो हसला. कांदा कोण खायचा थांबलाय? "मग गेल्या दहा वर्षांत तुला कांद्यात दरवर्षी पैसे सुटले का?" त्यावर तो हसला नाही.

मुद्दा एवढाच आहे, श्रोतेहो. माल खपणार, हे एक. तो खपवणाऱ्या कंपनीला त्यात नफा राहणार, हे दुसरं. आणि आज आपण जो भाव देतोय तो त्या नफ्याच्या मानानं वाजवी आहे, हे तिसरं. बॅटरीच्या बाबतीत पहिल्या गोष्टीबद्दल मला फारशी शंका नाही. माणसं पहिल्या गोष्टीची खात्री झाली की उरलेल्या दोन गृहीत धरतात.

कांद्याची उपमा मी उगीच दिली नाही. लिथियम कार्बोनेट हा या बॅटऱ्यांचा कच्चा माल. चीनमध्ये २०२२ च्या नोव्हेंबरात त्याचा भाव टनाला सहा लाख युआनच्या आसपास होता. २०२४ उजाडेपर्यंत तो एक लाखाच्या खाली आला. मागणी या काळात वाढतच होती! पण भाव चढा पाहून जगभर खाणी आणि कारखाने वाढवले गेले, आणि माल एकदमच बाजारात आला. लोणंदच्या शेतकऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही. ब्लूमबर्गच्या पाहणीनुसार बॅटरी पॅकचा सरासरी भाव २०२३ मध्ये किलोवॅट-तासाला १३९ डॉलर होता, तो २०२४ मध्ये ११५ वर आला. गाडी घेणाऱ्याची चंगळ झाली. पण महागात घेतलेला कच्चा माल ज्यांच्या गोदामात पडून होता, त्यांचं काय झालं असेल?

आता 'बॅटरी पुरवणारी कंपनी' म्हणजे नेमकं काय, हे पाहू. आमच्या ओळखीचे शिरवळचे एक गॅरेजवाले आहेत. भाच्याला मी त्यांच्याकडे घेऊन गेलो, कारण बॅटरी त्यांनी उघडून पाहिलेली आहे आणि मी फक्त वाचलेली. त्यांनी एका स्कूटरचा पॅक दाखवला. आत पेन्सिल सेलपेक्षा जरा जाड अशा नळकांड्या ओळीनं बसवलेल्या, वर तारा आणि एक सर्किट. ते म्हणाले, "पेटीवर नाव आपल्याकडचं असतं. नळकांड्या बहुतेक चीनच्या."

त्या नळकांड्या म्हणजे सेल. सेल बनवणं हा एक धंदा आणि सेल आणून पॅक जोडणं हा दुसरा. सातारी कंदी पेढ्याचं उदाहरण घ्या. एकाच्या घरी म्हशी आहेत, एकाची खव्याची भट्टी आहे, आणि एक जण खवा विकत आणून पेढे वळतो. तिघंही 'पेढ्याच्या धंद्यात' आहेत. पण खव्याचा भाव चढला की तिसऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं. पॅक जोडणाऱ्या कंपन्यांची गत तशी आहे. आणि खव्याची भट्टी म्हणाल, तर तिच्यावर पकड चीनची. सीएटीएल या एका चिनी कंपनीकडे २०२४ मध्ये जगातल्या वाहन-बॅटरी बाजाराचा एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा होता.

आपल्याकडे भट्ट्या पेटाव्यात म्हणून केंद्र सरकारनं मे २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. उद्दिष्ट होतं ५० गिगावॅट-तासांचं. २०२२ मध्ये कंपन्या निवडल्या गेल्या, करार झाले. ठरलेल्या मुदतीत त्यातली फारच थोडी क्षमता उभी राहिली. यात कुणाला नावं ठेवायची नाहीत. सेलचा कारखाना म्हणजे काही गुऱ्हाळ नव्हे; हवेतला दमटपणासुद्धा मोजून ठेवावा लागतो. पण बातमीची तारीख आणि मालाची तारीख यांच्यात किती वर्षं जाऊ शकतात, हे शेअर घेणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

नावं घेतो ती उदाहरणादाखल. कुठला शेअर घ्या आणि कुठला नको, हे मी सांगणार नाही, आकाशवाणीवरून तर नाहीच. एक्साइड आणि अमर राजा ही नावं आपल्याला ट्रॅक्टर, जीप आणि इन्व्हर्टरमुळे पाठ आहेत. एक्साइडचा चिंचवडचा कारखाना तर साठच्या दशकाच्या अखेरीचा. दोघींचा पिढीजात धंदा शिशाच्या बॅटऱ्यांचा. दोघींनीही आता लिथियमकडे मोर्चा वळवला. एक्साइडनं बेंगळुरूला कारखाना उभारायला घेतला, तंत्रज्ञान एका चिनी कंपनीचं. अमर राजानं डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणाशी करार केला: महबूबनगरजवळ, दहा वर्षांत ९,५०० कोटींची गुंतवणूक. एप्रिल २०२४ मध्ये एक्साइडनं ह्युंदाई आणि किया यांच्याशी सामंजस्य करार केल्याची बातमी आली, आणि शेअर एका दिवसात पंधरा टक्क्यांच्या आसपास उसळला. त्या दिवशी बेंगळुरूचा कारखाना अजून उभाच होत होता. सामंजस्य करार म्हणजे साखरपुडासुद्धा नव्हे, फार तर पाहण्याचा कार्यक्रम. गंमत म्हणजे इलेक्ट्रिक मोटारीतसुद्धा दिवे, काचा वगैरेंसाठी बारा व्होल्टची छोटी बॅटरी लागते, आणि ती बहुधा जुनी, शिशाचीच असते. म्हणजे ज्या धंद्याला लोक म्हातारा म्हणतात, तोच आज घर चालवतो आणि तरुण पोराच्या शिक्षणाचा खर्चही भागवतो. हा खर्च किती वर्षं चालणार, हा खरा प्रश्न.

माल उत्तम असूनही कंपनी बुडते का? बुडते. अमेरिकेत ए-वन-टू-थ्री सिस्टिम्स नावाची कंपनी होती. एमआयटीच्या प्रयोगशाळेतून आलेलं तंत्रज्ञान, सरकारचं कोट्यवधी डॉलरचं अनुदान. सप्टेंबर २००९ मध्ये साडेतेरा डॉलरला शेअर विकला गेला आणि पहिल्याच दिवशी वीसच्या वर गेला. कंपनीची मदार होती फिस्कर नावाच्या एका गाडीवाल्यावर. तो अडखळला, त्यात २०१२ मध्ये एका कारखान्यातले सेल सदोष निघाले, ते बदलून द्यावे लागले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. ती विकत घेतली एका चिनी कंपनीनं. स्वीडनची नॉर्थव्होल्ट तर परवाची गोष्ट. युरोपचं आशास्थान म्हणवलेल्या या कंपनीत फोक्सवॅगनसारख्यांचे पैसे होते. मार्च २०२५ मध्ये तिनंही हात टेकले. एका गिऱ्हाइकावर चालणाऱ्या दूधवाल्याची रतीब तुटल्यावर जी अवस्था होते, तीच.

आणि भावाचं? ओला इलेक्ट्रिकचा शेअर ऑगस्ट २०२४ मध्ये ७६ रुपयांना लोकांना मिळाला. ही कंपनी स्कूटरही करते आणि तमिळनाडूत सेलचा कारखानाही उभारते. दोन आठवड्यांत भाव दीडशेच्या पुढं गेला. मार्च २०२५ मध्ये तो पन्नासच्या आसपास होता. म्हणजे ७६ ला घेणारा आणि दीडशेला घेणारा, कंपनी एकच, पण दोघांचं दुःख सारखं नाही.

माझं हे पुराण ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे बॅटरीच्या वाटेलाच जाऊ नये?" मी त्याला साताऱ्याचीच गोष्ट सांगितली. महाराष्ट्र स्कूटर्स. १९७५ मध्ये बजाज ऑटो आणि सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून काढलेली कंपनी. 'प्रिया' स्कूटर तिथली. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे आणि नंबर लागलेल्याकडे लोक जावई म्हणून पाहत. पुढं मोटारसायकलींचा जमाना आला, गिअरच्या स्कूटरला कुणी विचारेना, आणि २००६ च्या सुमारास तिथं स्कूटर बनणं बंद झालं. स्कूटर संपली, कंपनीही संपणार, असा हिशेब करून अनेकांनी शेअर विकले असतील. पण कंपनीच्या ताळेबंदात बजाज समूहातल्या कंपन्यांचे शेअर होते. ते वाढत गेले. ज्या कंपनीची स्कूटर रस्त्यावर औषधालाही दिसत नाही, तिच्या एका शेअरचा भाव २०२४ मध्ये दहा हजार रुपयांच्या वर गेला होता.

भाच्यानं डोकं खाजवलं. अमेरिकेत चांगल्या मालाची कंपनी बुडते आणि साताऱ्यात माल बंद पडलेली कंपनी वर येते, मग माणसानं पाहायचं तरी काय? माझं म्हणणं, नाव आणि जमाना बाजूला ठेव आणि वार्षिक अहवाल उघड. तो आता मोबाइलवर फुकट मिळतो. सेल स्वतः करते की आणते? विक्रीतला किती वाटा एकाच गिऱ्हाइकाकडून येतो? तंत्रज्ञानासाठी परदेशी कंपनीला दरवर्षी काय द्यावं लागतं? कर्ज किती, आणि गेल्या तीन वर्षांत ते कुठून कुठं गेलं? मग भाव पाहायचा. समजा, कंपनी एका शेअरमागं वर्षाला दहा रुपये कमावते आणि भाव चारशे आहे. म्हणजे आजच्या कमाईनं भाव वसूल व्हायला चाळीस वर्षं. जमीन घेताना आपण 'खंड किती येईल' हे पहिल्यांदा विचारतो. शेअर घेताना तेवढंच विचारायची लाज का वाटावी?

आपल्या भागात शेअर हा शब्द नवा नाही. साखर कारखान्याचा शेअर घरोघरी आहे. पण तो शेअर म्हणजे ऊस जाण्याची सोय, सवलतीची साखर आणि निवडणुकीतलं मत. त्याचा भाव रोज सकाळी सव्वानऊला बदलत नाही. कारखान्याचा शेअर आजोबांनी घेतला आणि नातवानं जपला, त्याच विश्वासानं कंपनीचा शेअर घेतला जातो, तेव्हा घोटाळा होतो. देशात मार्च २०२० मध्ये चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती. मार्च २०२५ मध्ये एकोणीस कोटींच्या आसपास. या नव्या मंडळींतल्या पुष्कळांनी मोठी मंदी पाहिलेलीच नाही. मी पाहिली आहे, बहिणीच्या पैशानं.

अकरा लाखांचं काय झालं, ते सांगतो. सोसायटीचं आणि ट्रॅक्टरचं कर्ज आधी फिटलं. मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणाचे पैसे मुदत ठेवीत गेले. त्यावर बहिणीनं स्वतः सही करून घेतली, मला न विचारता. काही रक्कम म्युच्युअल फंडात दरमहा जाते. एक लाख रुपये त्यानं बॅटरीसाठी बाजूला काढलेत. "हे गेले तर कांद्यात गेले म्हणेन," असं तो म्हणतो. गॅरेजवाल्यांनी मात्र शेअर घेतलेला नाही. ते त्या पैशात बॅटरी तपासायचं यंत्र घेणार आहेत.

ते एक लाख अजून बँकेतच आहेत. परवा रात्री नऊला भाच्याचा फोन आला. मला वाटलं, घरात काही बरं-वाईट. तर म्हणाला, "मामा, यात 'अपूर्ण भांडवली कामं' म्हणून मोठा आकडा दिलाय. कारखाना उभा राहतोय, तोच का हा?" मी म्हटलं, बहुतेक तोच. त्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "मग गेल्या वर्षीच्या अहवालात हा आकडा किती होता, ते कुठं बघायचं?"