बॉयकॉट : एका आडनावाचा प्रवास



'बॉयकॉट' हा शब्द आपल्याकडे शाळकरी मुलंसुद्धा वापरतात. मुळात ते एका इंग्रज माणसाचं आडनाव आहे. चार्ल्स बॉयकॉट लष्करातून बाहेर पडला आणि आयर्लंडमध्ये स्थायिक झाला. पश्चिमेकडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराच्या जमिनी होत्या. तिथल्या कुळांकडून खंड वसूल करणारा कारभारी म्हणून तो काम पाहायचा.

1879 साली तिथं पीक बुडालं. त्याच वर्षी मायकेल डेव्हिट आणि पार्नेल या आयरिश नेत्यांनी कुळांच्या हक्कांसाठी लँड लीग ही संघटना उभी केली. पुढच्या वर्षी कुळांनी खंडात 25 टक्के सूट मागितली, जमीनदार 10 टक्क्यांवर अडून बसला. 19 सप्टेंबर 1880 ला एनिस गावच्या सभेत पार्नेलनं मार्ग सांगितला : हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्या अंगाला हात लावू नका, पण रस्त्यात, दुकानात, बाजारात, चर्चमध्ये त्याच्याशी संबंध ठेवू नका. तीनच दिवसांनी बॉयकॉटचा माणूस जमिनी सोडण्याच्या नोटिसा घेऊन निघाला. बायकांनी त्याला दगड-चिखल मारून पिटाळलं, आणि मग पार्नेलचा उपाय खुद्द कारभाऱ्यावरच लागू झाला. गडी काम सोडून गेले. लोहार येईना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार माल देईना. पीक शेतात उभं!

ते काढायला आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरमधून 50 मजूर आले, त्यांच्या रक्षणासाठी हजारभर सैनिक आणि पोलीस. सुमारे 500 पौंडांचं पीक काढायला 10,000 पौंड खर्च झाल्याचा तेव्हाचा अंदाज आहे. 1 डिसेंबरला बॉयकॉट इंग्लंडला निघून गेला.

अशा एकटं पाडण्याला म्हणायचं काय? जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकारानं हकीकत लिहून ठेवली आहे. 'ऑस्ट्रसाइझ' (वाळीत टाकणं) हा भारदस्त शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही, म्हणून फादर ओमॅली या धर्मगुरूनं बॉयकॉटचं नावच क्रियापद म्हणून सुचवलं. थोड्याच काळात फ्रेंच आणि जर्मन भाषांनीही ते उचललं.

1905 च्या वंगभंगानंतर तो शब्द आपल्या राजकारणात आला. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या जोडीला बहिष्कार बसला. पण 'वाळीत टाकणं' आपल्याला आयरिश शेतकऱ्यांनी शिकवलेलं नव्हतं. माणसाला जातीबाहेर काढणारी ग्रामण्यं आपल्याकडे कितीतरी आधीपासून चालत होती. दोन्हींची कृती सारखीच दिसते : बोलणं बंद, काम बंद, दुकान बंद. म्हणून कोणी कोणावर, हे मला आधी विचारावंसं वाटतं. मेयोत खंड भरणाऱ्यांनी खंड वसूल करणाऱ्याला एकटं पाडलं, आणि त्याला परत जायला देश होता. आपल्याकडे पाण्यावर आणि जमिनीवर ज्यांचा ताबा, त्यांनी ज्यांच्या हाती काहीच नाही त्यांना तोडलं, आणि वाळीत पडलेल्या घराला जायला दुसरं गाव नव्हतं. महाडच्या सत्याग्रहानंतर, एप्रिल 1927 मध्ये, बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाचं नाव 'बहिष्कृत भारत' ठेवलं. बहिष्कार सोसणाऱ्याच्या बाजूनं तो शब्द इतक्या स्पष्टपणे कोणी उच्चारला असेल असं मला वाटत नाही.

गावकी आणि जातपंचायतींचं वाळीत टाकणं त्यानंतरही चालूच राहिलं. अखेर महाराष्ट्रानं 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत.