जंगल जाणणाऱ्यांना प्रयोगशाळेची वाट

(राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने सूरजागड येथे विद्यार्थी, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा हा लेखरूप पाठ.)



प्रारंभीच एक कबुली देतो. मी कलाशाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. विज्ञान दिनाला माझ्यासारख्याला बोलावणे म्हणजे भटजींच्या पाटावर वाजंत्रीवाल्याला बसवण्यासारखे आहे. शिवाय आपली माडिया भाषा मला येत नाही, याचीही खंत आहे. तेव्हा चूकभूल पोटात घालावी.

आलापल्लीहून एटापल्लीकडे येताना वाटेत खनिजाच्या मालमोटारींची रांग लागली. गाडी थांबली, खाली उतरलो. रस्त्याकडेच्या पानांवर तांबडी धूळ बसली होती. तिथे भेटलेल्या दोन तरुणांना विचारले, “काय करता?” एक म्हणाला, खाणीवर सुरक्षारक्षक आहे. दुसरा म्हणाला, अर्ज केला आहे. सूरजागडचा डोंगर आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला आहे. २००७ साली ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला, डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी डोंगरावर वाहने जाळली, २०२१ पासून उत्खनन नव्याने सुरू झाले आणि २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टनांची परवानगी मिळाली. खाण असावी की नसावी, हा आजचा विषय नाही. त्यावर मी लिहिले आहे, पुढेही लिहीन. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीने साठ साथीदारांसह याच जिल्ह्यात शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीची सावली सरते आहे, याचा आनंद आपणा सर्वांना आहे. पण सावली सरल्यावर उजेडात काय दिसणार? तरुणासमोर केवळ खाणीचे फाटक दिसणार असेल, तर ते पुरेसे नाही.

ठाकूरदेवाच्या या डोंगराच्या पोटात काय आहे, यावर सगळे बोलतात. डोंगराच्या अंगावर जे उगवते, त्याविषयी मला आज बोलायचे आहे. त्यातही एका अगदी लहान वस्तूविषयी, म्हणजे वनस्पतीच्या पेशीविषयी, आणि तिच्यामागे आयुष्याची उमेदीची वर्षे घालणाऱ्या माणसांविषयी.

माझ्या परिचयाची एक तरुण संशोधिका पुण्यात असते. नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. ती मूळची ब्रह्मपुरीकडच्या धानकरी कुटुंबातली. पीएच.डी. झाली, आणि आता ‘पोस्ट डॉक’ म्हणून काम करते. म्हणजे शिक्षण संपले आहे, पण कायमची नोकरी लागलेली नाही. दोन-तीन वर्षांच्या मुदतीवर कोणा ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत स्वतःचा प्रश्न घेऊन काम करायचे. मुदत संपली की दुसरी प्रयोगशाळा, कदाचित दुसरा देश. घरी गेली की आई विचारते, “शिकनं झालं ना बाई तुझं? मंग नोकरी कवा लागन?” या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नसते.

एकदा तिची प्रयोगशाळा पाहायला गेलो. चपला बाहेर, हात स्पिरिटने पुसलेले. स्वयंपाकघरातल्या कुकरसारख्या, पण पुरुषभर उंचीच्या यंत्रात काचेची भांडी वाफेवर निर्जंतुक होत होती. ती भाताच्या मुळांचा अभ्यास करते. समुद्रातल्या जेलीफिशचे चमकणारे एक प्रथिन भाताच्या पेशीत तयार होईल अशी योजना करायची, आणि मग लेसरच्या सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या टोकाशी पेशी कशी दुभंगते, नवी भिंत मधोमध कशी उभी राहते, हे तासन् तास पाहायचे. मी डोळा लावला. काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या रेघांची जाळी दिसली. धानाच्या बांध्याच आकाशातून पाहाव्यात तशी. मी तसे म्हणालो, तेव्हा ती हसून म्हणाली, “काका, बांधीसारखेच आहे. बांध घातला की पेशी जागची हलत नाही. प्राण्याची पेशी फिरू शकते. झाडाच्या पेशीला जिथे जन्म, तिथेच संसार. म्हणून भिंत कुठे घालायची, हा तिच्या दृष्टीने मोठा निर्णय.”

पत्रकाराला असे वाक्य दहा वर्षांत एकदा मिळते.

तिनेच सांगितले, एकदा चार महिन्यांचे काम बुरशीने एका रात्रीत नासले. दिवाळीत घरी जाता आले नाही, कारण बाटलीतल्या पेशींना ठरल्या दिवशी नवे अन्न द्यावे लागते. त्यांना सण कळत नाही. हे ऐकताना मला तुमच्या आया-बहिणी आठवल्या. मोहफूल वेचायला पहाटेच निघावे लागते, फूल कोणासाठी थांबत नाही. वनस्पतीच्या वेळेनुसार स्वतःची वेळ लावून घेणे ही सवय या गावांत पिढ्यान् पिढ्या आहे. प्रयोगशाळेत तीच सवय लागते.

ही केवळ भावनेची गोष्ट नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले उदाहरण घ्या. नागभीड तालुक्यातल्या नांदेड फकिरी गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती जेमतेम. १९८३ साली ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर. हजारो लोंब्यांत तीन! दुसरा कोणी असता तर त्या इतर धानाबरोबर कापल्या गेल्या असत्या. दादाजींनी दाणे वेगळे ठेवले, पुढच्या वर्षी वेगळे पेरले, पुन्हा निवडले, पुन्हा पेरले. काही वर्षांनी वाण स्थिर झाला. त्या काळी एच.एम.टी. घड्याळाची मोठी चलती होती, तेच नाव तांदळाला मिळाले. आज एच.एम.टी. तांदूळ महाराष्ट्राबाहेरही खाल्ला जातो. २०१० साली ‘फोर्ब्स’ने देशातल्या प्रभावी ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतले. ३ जून २०१८ रोजी ते गेले. कीर्ती मिळाली, पण घरची ओढग्रस्त शेवटपर्यंत सुटली नाही.

आता दादाजींना जी वर्षे लागली, त्यांचे पेशीविज्ञानाने काय केले ते पाहा. ही गोष्टही आपल्याच देशातली आहे. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी हे दोघे धोत्र्याच्या फुलातील परागकोश काचेच्या नळीत वाढवत होते. होय, शंकराला वाहतात तोच धोत्रा. त्याची एक जात. शिप्राबाईंची पीएच.डी. नुकतीच झालेली, म्हणजे आजच्या भाषेत त्या पोस्ट डॉकच. शोधत होते पेशीविभाजनाविषयी काही वेगळेच. आणि परागकोशातून इवलीइवली रोपे डोकावू लागली. परागकण म्हणजे केवळ नराकडचा वाटा, त्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो. दुसऱ्या अर्ध्याशिवाय त्यातून संपूर्ण रोप उभे राहिले, हे जगात प्रथमच दिसले होते. ‘नेचर’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. त्याचा उपयोग असा, की त्या एका संचाची दुप्पट केली की रोपाचा वाण एका पिढीत शुद्ध होतो. एरवी पेरायचे, निवडायचे, पुन्हा पेरायचे, यात ज्या पाच-सात पिढ्या जातात, त्या वाचतात. पुढे भात, गहू, सातू यांचे नवे वाण काढण्यासाठी देशोदेशी ही पद्धत वापरली गेली.

दादाजींचा डोळा आणि शिप्राबाईंची नळी एकत्र आली असती तर? मला हा प्रश्न सोडवत नाही. दोघेही एकाच काळात, एकाच देशात होते.

तिसरी गोष्ट बांबूची. ती तर तुमच्या अंगणातली. मानवेल तुम्हाला मी काय सांगावा! बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे या जंगलातला बांबू दशकानुदशके गेला. २०११ साली मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला स्वतःचा बांबू विकण्याचा वाहतूक परवाना मिळाला, तेव्हा देशाने बातमी केली. बांबू फुलणे अपशकुनी मानतात, कारण तो आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. रानचे रान एकदम वाळते. मिझोराममध्ये १९५९ च्या सुमारास बांबू फुलला, बियांवर उंदीर पोसले, त्यांनी शेते फस्त केली आणि दुष्काळ पडला. त्या असंतोषातून पुढे काय राजकारण झाले, ते सर्वज्ञात आहे. बांबूच्या या मोठ्या चक्राला जातीनुसार तीस, चाळीस, क्वचित शंभरावर वर्षे लागतात. शास्त्रज्ञाच्या एका आयुष्यात ते पुरे पाहून होत नाही. मग संशोधन करायचे कसे?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रजनी नाडगौडा, डॉ. मस्करेन्हस आणि त्यांचे सहकारी यांनी बांबूची रोपे काचेच्या नळीत वाढवली. पोषणद्रव्यात वनस्पतीचे एक संप्रेरक आणि चक्क नारळपाणी! आणि ज्या कटांग बांबूला रानात फुलायला तीन दशके लागतात, त्याची बोटभर रोपे काही महिन्यांत फुलली. बी धरले. १९९० साली ‘नेचर’मध्ये ते छापून आले आणि जगभर खळबळ उडाली. याच प्रयोगशाळेने त्याआधी, १९८० साली, शंभर वर्षांच्या सागाच्या कळ्यांपासून नळीत रोपे करून दाखवली होती. आलापल्लीचे वनवैभव तुम्ही पाहिले असेल. तिथल्या जुन्या सागाकडे पाहून आपण मान वर करतो आणि पुढे जातो. त्याच्या एका कळीत तसाच दुसरा साग आहे, हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

मग प्रश्न उरतो तो असा. साग इथला, बांबू इथला, मोह इथला. आणि त्यांच्या पेशी पाहणारे डोळे मात्र इथले का नाहीत? मोहाचे बी झाडावरून पडल्यावर फार दिवस जिवंत राहत नाही. हे इथल्या बाईला पुस्तकावाचून ठाऊक असते. डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात इथल्या स्त्रियांचे झाडांशी असलेले मैत्र नोंदवून ठेवले आहे. पण त्या बियाच्या पेशीत नेमके काय बिघडते, यावर काम करणारी माडिया मुलगी मला अजून भेटायची आहे.

ते अशक्य नाही. इथून जवळच्या कसनसूरला आश्रमशाळा आहे. कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीचा भास्कर हलामी हा मुलगा तिथे चौथीपर्यंत शिकला. वडील तिथेच स्वयंपाकी होते. त्याआधी पावसाळ्यात घरी अन्न नसे, तेव्हा मोहफुले शिजवून दिवस काढल्याचे त्यांनी स्वतः वृत्तसंस्थेला सांगितले आहे. पुढे यवतमाळ जिल्ह्यातले केळापूर, मग गडचिरोली, मग नागपूर. प्राध्यापकी मिळाली, ती सोडून अमेरिकेत पीएच.डी. केली आणि आज डॉ. हलामी तिथे औषधनिर्मितीत आर.एन.ए.वर संशोधन करतात. त्यांचा विषय रसायनशास्त्र आहे. पण कसनसूरहून मेरीलँडला जाणारी वाट आहे, हे तर सिद्ध झाले. आणि जागतिक दर्जाचे संशोधन गडचिरोलीत बसूनही होते, हे बंग दांपत्याने १९९९ साली दाखवले. इथल्या ३९ गावांतल्या नवजात बालकांवरचे त्यांचे काम ‘लॅन्सेट’ने छापले.

तरी कटू वाटेल ते सांगतो. ही वाट जिथे तुटते ती जागा आपण ओळखलेली नाही. आपला समाज बारावीपर्यंतच्या वसतिगृहाला सढळ हाताने देतो. धान्य देतो, वह्या देतो, आणि निकालाच्या दिवशी फोटो काढतो. सरकारही पीएच.डी.पर्यंत हात देते. जनजातीच्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५० शिष्यवृत्त्या आहेत. परदेशी शिक्षणासाठी वीस जागा, त्यांतल्या तीन अतिमागास जनजातींना. माडिया त्यांत मोडतात. साऱ्या देशात तीन! पीएच.डी. झाली की मुलगा तिशीला पोचतो. बहिणीचे लग्न, वडिलांचे दुखणे, पडके घर, सारे त्याच्याकडे पाहत असते. २०२३ पासून संशोधन सहायकाला महिना ५८ हजारांपासून पुढे मानधन ठरले आहे. आकडा लहान नाही, पण तो मुदतीचा असतो. पुण्यातल्या सुखवस्तू घरचा मुलगा दोन मुदतींमधले सहा महिने आईवडिलांच्या जिवावर काढतो. सूरजागडच्या मुलाने ते कोणाच्या जिवावर काढावेत? तो कुठेतरी कारकून होतो. कारकुनीत कमीपणा काहीच नाही, पण वीस वर्षांची तपश्चर्या त्या सहा महिन्यांत वाहून जाते. माझी विनंती आहे की ज्या दात्यांना वास्तू बांधण्याची हौस आहे, त्यांनी एखादी खोली कमी बांधावी आणि हे सहा महिने सांभाळावेत. खनिजाच्या उत्पन्नातून जिल्ह्याच्या विकासासाठी जो निधी जमा होतो, त्याचाही यात वाटा असायला हवा. २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत आहे. एक स्वच्छ खोली, निर्जंतुकीकरणाचे यंत्र, नळ्यांच्या मांडण्या. ऊतीसंवर्धनाची सुरुवात एवढ्यावर होते. पुण्याचे महागडे सूक्ष्मदर्शक नंतर येतील.

शिक्षकांना एवढेच सांगणे, की पेशीची आकृती फळ्यावरून उतरवून घेण्याआधी मुलांना कांद्याचा पापुद्रा दाखवा. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असेल, तर आज किल्ली शोधा. मोडला तर मोडू द्या.

मुलांनो, तुमच्यासाठी पुण्याच्या त्या ताईने काही पाठवले आहे. ही काचेची नळी. आत बोटभर मानवेल आहे, मातीत नाही, या पांढुरक्या खळीसारख्या पोषणद्रव्यात. नागपूरपर्यंत रेल्वेत मी ती मांडीवर घेऊन बसलो होतो. रांगेने या, पाहा, हातातही घ्या. फक्त बूच उघडू नका. तिने बजावून सांगितले आहे, बूच उघडले की हवेतली बुरशी आत शिरते. नंतर ती तुमच्या सरांच्या टेबलावर, खिडकीजवळ पण उन्हात नाही, अशी ठेवायची आहे. पान पिवळे पडले तर तिला पत्र लिहायचे. पत्ता सरांकडे दिला आहे.