लेकीची परीक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. मी सातवी शिकलेली. तेव्हा काही चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने हा विषय घेतला तेव्हा कळंबात पुष्कळांनी मला विचारले, "अगो, पोरीच्या जातीला लोखंडाचे काम कशाला?" खरे सांगते, माझ्याही मनात तेच होते. पण मुलीनेच मला सांगितले की, इला मजुमदार नावाच्या बाई 1951 साली शिबपूरच्या कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनियर झाल्या, त्या भारतातल्या पहिल्या. आणि आपल्या मुंबईत माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून शकुंतला भगत 1953 साली सिव्हिल इंजिनियर झाल्या व त्यांनी पुढे पूल बांधले. मग मी गप्प बसले.

ही पदवी चार वर्षांची, म्हणजे आठ सहामाह्या. पहिल्या वर्षी गणित, भौतिक, रसायन आणि ड्रॉइंग. पुढे उष्णतेचे शास्त्र, धातूंची ताकद, यंत्रांची रचना. सकाळी रिक्षाने नालासोपारा, तेथून गाडीने कॉलेज, आणि दिवे लागल्यावर घरी. पहिल्या वर्षी ती ड्रॉइंगमध्ये नापास झाली. याला 'केटी लागणे' म्हणतात. वरच्या वर्गात जाता येते, पण राहिलेला पेपर पुन्हा द्यावा लागतो. त्याच आठवड्यात एक चांगले स्थळ सांगून आले. मी ह्यांना म्हटले, "सोडून देऊ या का कॉलेज?" मुलीने आतल्या खोलीतून ते ऐकले. ती जेवली नाही. त्या रात्रीची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारले, "तुला अडते तरी कुठे?" ती म्हणाली, "आई, वस्तू कापल्यावर आतून कशी दिसेल ते डोळ्यांपुढे येत नाही." मी स्वयंपाकघरातून गाजर आणि सुरी आणली. आडवे कापले तर चकती गोल निघाली. तिरके कापले तर लंबगोल. एका उतरत्या कडेला समांतर सुरी चालवली तेव्हा तिसराच आकार आला. ती म्हणाली, "हाच तो पॅराबोला!" त्या महिन्यात आमच्याकडे गाजरे, बटाटे आणि मुळे पुष्कळ खाल्ले गेले. पहाटे पाचला उठून ती रोज जुन्या प्रश्नपत्रिकांतली दोन चित्रे काढी, मी शेजारी बसून भाजी निवडी. पुढच्या खेपेस ती पास झाली. स्थळाला आम्ही नम्रपणे नकार कळवला.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की हे शास्त्र आपल्याला परके नाही. सासूबाई सांगत, आपल्या वाडीच्या विहिरीवर पूर्वी रहाट होता. जनावर गोल फिरे, दात्यांचे आडवे चाक उभ्या चाकाला फिरवी आणि गाडगी पाणी वर आणीत. मुलगी म्हणते, हेच गिअर. आपल्या कुकरात वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी शंभराऐवजी सुमारे 120 अंशांवर उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. हा तिच्या पुस्तकातला धडा.

भगिनींनो, एक उपयोगाची गोष्ट सांगते. 2024-25 पासून महाराष्ट्र शासनाने 8 लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना अशा शिक्षणाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ केले आहे. प्रवेश मात्र सरकारी प्रवेश फेरीतून घ्यावा लागतो. दाखले वेळेवर काढून ठेवा.

आणि दुसरी विनंती. मुलगी एका विषयात नापास झाली म्हणून लगेच तिचे लग्न ठरवू नका. आपल्याला तिची पुस्तके वाचता येत नसतील, पण तिला कुठे अडते एवढे विचारता येते. मला ते एक दिवस उशिरा सुचले. तुम्हाला वेळेवर सुचावे, म्हणून हे बोलले.

तिची शेवटची परीक्षा आता जवळ आली आहे. तिला तुमचा आशीर्वाद असू द्यावा, एवढे मागून मी माझे चार शब्द पुरे करते.