श्रुतलेखनाची वही आणि मुलाचा कान

(वेळणेश्वर येथे प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रुतलेखनाच्या वह्या तपासणे हे प्राथमिक शिक्षकाच्या नित्यकर्मांपैकी एक होय. ऱ्हस्वदीर्घ चुकले, जोडाक्षर चुकले, अनुस्वार राहिला, अशी चुकांची वर्गवारी त्याच्या मनात ठरलेली असते. परंतु काही वह्यांत निराळ्याच जातीच्या चुका आढळतात. ‘साल’ सांगावे तर मूल ‘चाल’ लिहिते; ‘काठी’ सांगावे तर ‘पाठी’ लिहिते; वाक्याचा शेवटचा शब्द, जो बोलताना शिक्षकाचा आवाज खाली आलेला असतो, तो गाळलेलाच असतो. तेच मूल फळ्यावरचे वाक्य मात्र बिनचूक उतरवून घेते. डोळ्यांनी घेतलेले बरोबर आणि कानांनी घेतलेले चूक, असे वारंवार दिसू लागले, तर उणीव बुद्धीत किंवा अभ्यासात न शोधता आधी कानात शोधावी.

अशा मुलाच्या वाट्याला बहुधा काय येते, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘लक्ष नाही’, ‘घुम्या आहे’, ‘मठ्ठ आहे’ असा शेरा त्याच्या नावापुढे पडतो आणि एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे तो वारशासारखा जातो. मूल स्वतः होऊन तक्रार करीत नाही. कारण पूर्ण ऐकू येणे म्हणजे काय, हे त्याने कधी अनुभवलेलेच नसते. इतरांनी वही काढली की तेही वही काढते, इतर हसले की तेही हसते. घरी आईची हाक ओळखीची असते, तिचे हातवारे ओळखीचे असतात, म्हणून घरच्यांच्याही ध्यानात येत नाही. मुलाला अपरिचित शब्द अंतरावरून ऐकून समजून घ्यावा लागतो, असे पहिले स्थान म्हणजे शाळाच. तेव्हा ही उणीव प्रथम शिक्षकालाच दिसावयाची असते.

ती ओळखण्यासाठी कानाची रचना थोडीफार ठाऊक हवी. ध्वनी म्हणजे कंप, हे वाक्य मुले पाठ करतात. ते पटविण्यास या किनाऱ्यावर उपकरणांची वाण नाही. वेळणेश्वरच्या दक्षिणेस हेदवीची बामणघळ आहे. भरतीची लाट खडकातील त्या अरुंद भेगेत शिरून वर उसळते, तेव्हा तिचा घुमारा कानाबरोबर छातीलाही जाणवतो. (मुलांना हे अर्थातच दूर उभे करून दाखवावे, तेथील खडक निसरडे आहेत.) हवेचे असे कंप बाहेरचा कान गोळा करतो आणि सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीच्या नळीतून ते पडद्यापर्यंत पोचतात. हा पडदा करंगळीच्या नखाएवढा असतो. त्याच्या मागे हातोडी, ऐरण आणि रिकीब या नावांची तीन हाडे एकमेकांत गुंतलेली असतात. त्यांतील रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची असून ते शरीरातील सर्वांत लहान हाड आहे.

ही हाडे हवीत तरी कशाला, असा प्रश्न चौकस मूल विचारील. त्याचे उत्तर समुद्रात आहे. पाण्यात बुडी मारलेल्या मुलाला काठावरची हाक ऐकू येत नाही, कारण हवेतील ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतांशी परत फिरतो. आतल्या कानातही पाण्यासारखा द्रवच भरलेला आहे. तेव्हा मोठ्या पडद्यावरचा दाब गोळा करून तो इवल्याशा खिडकीवर, सुमारे वीसपट वाढवून, देण्याचे काम ही हाडे करतात.

खिडकीच्या पलीकडे शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी आहे. ती उलगडली तर साडेतीन सेंटीमीटर भरेल. तिच्यातील पातळ पापुद्र्यावर सुमारे १५,००० केशपेशी रांगांनी बसलेल्या असतात. बुडापेस्ट येथे जन्मलेले संशोधक गेओर्ग फोन बेकेशी यांनी या पापुद्र्यावरून ध्वनीची लाट कशी सरकते ते दाखविले आणि त्याबद्दल त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. उंच स्वराची लाट शंखाच्या दारापाशीच शिखर गाठते. खालचा स्वर आत, टोकापर्यंत जातो. ज्या जागच्या पेशी हलतात, त्यांवरून मेंदू स्वर ओळखतो.

येथे श्रुतलेखनाचे कोडे उलगडते. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीचे व जोरकस आहेत. स, श, च, त, क, फ या व्यंजनांची ओळख पटविणारा भाग उंच पट्टीचा आणि क्षीण आहे. उंच पट्टीच्या केशपेशी निकामी झाल्या, तर ‘आ’ ऐकू येतो, पण त्याच्या आधी ‘स’ होता की ‘च’, हे समजत नाही. अशा मुलाला हाक मारली की ते वळून पाहते, आणि म्हणून त्याचे कान चांगले आहेत असा सर्वांचा ग्रह होतो. त्याला आवाज येतो, शब्द येत नाही. आणखी एक गोष्ट अशी की, मनुष्याच्या मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांच्या उगवतात, माणसाला ती देणगी नाही.

सुदैवाने शाळेच्या वयात आढळणारे बहिरेपण पुष्कळदा या जातीचे नसते. वाटेतच अडथळा असतो आणि तो दूर करता येतो. नाक व मधला कान यांना जोडणारी एक नळी आहे. मुलांत ती आखूड व आडवी असते, त्यामुळे सर्दी सहज कानापर्यंत पोचते, पडद्यामागे पाणी साचते आणि सगळेच आवाज गोधडीतून आल्यासारखे येतात. कोकणात जून ते सप्टेंबर हा सर्दीचा काळ, आणि त्याच काळात पत्र्याच्या छपरावर पाऊस असा वाजतो की तिसऱ्या रांगेपलीकडे शिक्षकाचा शब्द पोचत नाही. चोंदलेला कान आणि गर्जणारे छप्पर, दोन्ही एकाच ऋतूत. श्रावणात मागे पडलेले मूल दिवाळीनंतर अचानक ‘सुधारले’, तर त्याचे श्रेय शिकवण्यांना देण्यापूर्वी त्याची सर्दी केव्हा गेली हे पाहावे.

साचलेल्या पाण्याचा पू झाला की पडदा फाटतो. यालाच लोक कान फुटणे म्हणतात. ‘मोठेपणी आपोआप थांबेल’ ही समजूत घरोघर आहे आणि ती घातक आहे. वाहता कान वर्षानुवर्षे तसाच ठेवला, तर ती तीन हाडे झिजून जातात. क्वचित प्रसंगी पू मेंदूपर्यंतही पोचतो. लसूण घालून तापविलेले तेल, पाल्याचा रस, हे उपाय मायेपोटी केले जातात. पण फाटलेल्या पडद्यातून ते सरळ मधल्या कानात उतरतात. वाहता कान कोरडा राखावा; स्नानाच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस बाहेरच ठेवावा; असा मुलगा विहिरीत वा खाडीत बुड्या मारीत असेल, तर त्याला थांबवावे. कानातील मळ बहुधा आपोआप बाहेर येतो. काडी, हेअरपिन किंवा पेन्सिलीचे टोक घालण्याची मुळीच गरज नसते.

आता थोडे स्वतःच्या हाताविषयी. कानशिलात बसलेल्या चपराकीने नळीतील हवा एकदम दाबली जाते आणि पडदा फाटू शकतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे, हे सर्वज्ञात आहे. तरीही ‘एक ठेवून दिली’ हा शब्दप्रयोग शाळांच्या ओसरीवर अजून ऐकू येतो. ऐकत नाही म्हणून मारले, आणि मारल्यामुळे ऐकेनासे झाले, याहून विचित्र शिक्षण कोणते असेल?

गोवर, गालगुंड, मेंदूज्वर, गर्भारपणी आईला झालेला रुबेला, काही तीव्र औषधे, जवळच्या नात्यातील विवाह, ही केशपेशींच्या नाशाची इतर कारणे होत. त्यांपैकी गोवर-रुबेलाची लस आरोग्य केंद्रात मोफत मिळते.

राहिला मोठा आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास सोसतो. ९० डेसिबलचा केवळ ४ तास. १०० डेसिबलचा तर सुमारे २० मिनिटे. आकडा थोडा वाढला की सोसण्याचा काळ झपाट्याने घटतो, तो असा. चिरेखाणीतील यंत्र, मच्छीमार नौकेचे इंजिन, शिमग्याच्या ढोलाच्या अगदी लगत उभे राहणे, गणपतीच्या मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंती, आणि अलीकडे तासन्‌तास कानात खुपसलेले इअरफोन, या सर्वांचा हिशेब याच कोष्टकाने करावा. पालखी नाचली पाहिजे, ढोलही वाजला पाहिजे. मुलाने ढोलापासून दहा पावले दूर उभे राहावे, एवढेच. फटाक्याचा आवाज ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा असा दंडक आहे. हातात पेटवून फेकणाऱ्या मुलाचा कान तितका दूर नसतो.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर निर्बंध आहेत, आणि शाळांभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र घोषित करण्याची तरतूद आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल देताना, ध्वनिक्षेपक वाजविणे हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले. गावात वाईटपणा न घेता हे सांगावयाचे कसे, हा शिक्षकाच्या चातुर्याचा प्रश्न आहे. ग्रामसभेत मुलांनीच वर्गात केलेले वरील कोष्टक लावून पाहावे.

संशय आला तर परीक्षा सोपी आहे. शांत खोलीत मुलाच्या मागे, हातभर अंतरावर उभे राहावे, म्हणजे त्याला ओठ दिसत नाहीत. त्याने एक कान बोटाने बंद करावा. शिक्षकाने श्वास सोडून झाल्यावर कुजबुजत्या स्वरात शब्द सांगावेत. ते घरचेच असावेत : मासा, चूल, फणस, सुकट, काजू, होडी. सहांपैकी तीनही शब्द मुलाला परत सांगता आले नाहीत, तर त्याला तपासणीस पाठवावे. मग दुसरा कान. एका कानाचे बहिरेपण असे तपासल्याशिवाय सहसा उघडकीस येत नाही. ही परीक्षा निदान नव्हे; ती केवळ चाळणी आहे.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्या दिवशी अशा मुलांची यादी आणि त्यांच्या श्रुतलेखनाच्या वह्या तयार असाव्यात. वर्षभराची वही डॉक्टरांना जे सांगते, ते घाबरलेले मूल दोन मिनिटांत सांगू शकत नाही. पुढचे पाऊल अवघड असते. वेळणेश्वरहून रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय गाठावयाचे, तर तवसाळ-जयगड फेरीबोटीने खाडी ओलांडावी लागते, नाहीतर रस्त्याने मोठा वळसा पडतो. मजुरी बुडवून पालक एकदा जातील, दुसऱ्यांदा जातीलच असे नाही. म्हणून ‘कान दाखवा’ एवढ्यावर न थांबता कोणत्या दिवशी कानाचे डॉक्टर असतात, कोणते कागद लागतात, हे आधी विचारून पालकास चिठ्ठी लिहून द्यावी. श्रवणयंत्राची गरज ठरल्यास ते सरकारी योजनेतून मिळू शकते. मुंबईस वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्थाही याच कामासाठी आहे.

दरम्यान वर्गातील व्यवस्था त्याच दिवशी बदलता येते. मुलाला पहिल्या रांगेत, चांगला कान शिक्षकाकडे येईल असे बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. ओरडून सांगू नये, कारण ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजने होत नाहीत. खिडकीकडे पाठ करून उभे राहिल्यास शिक्षकाच्या चेहऱ्यावर अंधार पडतो आणि ओठ दिसत नाहीत. म्हणून उजेड तोंडावर घ्यावा. आणि पत्र्यावर मुसळधार पाऊस कोसळत असेल, त्या तासाला श्रुतलेखन घेऊच नये; वाचन घ्यावे.