परक्या रानातली इर्जिक

इर्जिक हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. एखाद्याची नांगरट अडली की गावातली औतं एके दिवशी त्याच्या रानात उतरायची. मजुरी नाही, जेवण तेवढं यजमानाचं. हा शब्द मला पुन्हा आठवला तो चक्क संगणकामुळे.

घरात संगणक चालू असतो तेव्हा तो बराचसा वेळ नुसता बसून असतो. आपण एक ओळ टाइप करतो आणि दुसरी सुचेपर्यंत खिडकीबाहेर बघतो. कवीच्या घरी तर हे बघणंच जास्त! तेवढ्यात त्या यंत्रानं कोट्यवधी हिशेब केले असते. हा रिकामा वेळ लोकांकडून विज्ञानासाठी मागून घ्यायचे प्रयोग आधीही झाले होते; पण घराघरांत पोचला तो ‘सेटी ॲट होम’. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या मंडळींनी तो १७ मे १९९९ रोजी सुरू केला.

प्वेर्तो रिको बेटावर अरेसिबो इथं ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण होती. इतर शास्त्रज्ञ आपल्या कामासाठी ती वापरत, तेव्हा बर्कलीकरांचं यंत्र शेजारी बसून आकाशातून येणाऱ्या लहरी टिपून घेई. त्या टेपा टपालानं बर्कलीला जात, कारण दुर्बिणीपाशी तेवढं वेगवान इंटरनेट नव्हतं. मग त्यांचे सुमारे १०७ सेकंदांचे तुकडे करून ते घरोघरच्या संगणकांना धाडायचे. पृथ्वीबाहेरून कुणी हाक मारतंय का, एवढंच शोधायचं. उत्तर ताडून पाहता यावं म्हणून एकच तुकडा एकाहून अधिक घरी जाई. ५० लाखांहून जास्त माणसं यात सामील झाली. ३१ मार्च २०२० रोजी नवे तुकडे पाठवणं थांबलं. खात्रीची हाक काही सापडली नाही. त्याच वर्षी १ डिसेंबरला दुर्बीणही कोसळली.

माझा मुलगा मला म्हणाला, “अब्बा, म्हणजे बिल लोकांनी भरायचं आणि नाव शास्त्रज्ञांचं?”

बिलाचं तो बरोबर बोलला. नुसतं चालू असलेलं यंत्र कमी वीज खातं. हिशेबाला जुंपलं की जास्त खातं, तापतं, पंखा घरघरतो. म्हणून ‘वाया जाणारी शक्ती’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. हे दानच आहे आणि त्याला पैसे पडतात, हे देणाऱ्याला सांगायलाच हवं.

नावाचं मात्र तसं नाही. ‘आइन्स्टाइन ॲट होम’ या अशाच प्रकल्पात २०१०मध्ये एक नवा पल्सार, म्हणजे स्वतःभोवती गरगरणारा मृत तारा, सापडला. सेकंदाला सुमारे ४१ फेऱ्या! अरेसिबोनं २००७मध्ये टिपलेल्या माहितीत तो दडून होता. तो हुडकला दोन संगणकांनी: एक अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका जोडप्याचा, दुसरा जर्मनीतल्या माइंझच्या एका गृहस्थाचा. शोधाचा मान त्यांना जाहीरपणे दिला गेला. पण त्यांच्याआधी असंख्य यंत्रांनी ‘इथं काही नाही’ एवढंच कळवलं होतं. ते कळल्याशिवाय आकाशाचा तो कोपरा यादीतून खोडता येत नाही. माझा जीव या निनावी लोकांत जास्त अडकतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातून २०००मध्ये सुरू झालेला ‘फोल्डिंग ॲट होम’ हा प्रकल्प आकाशाऐवजी शरीरातल्या प्रथिनांकडे बघतो. प्रथिनांची घडी कशी पडते, ती कशी हलतात, हे समजलं तर औषध शोधायला मदत होते. मार्च २०२०मध्ये करोनामुळे जग घरात कोंडलं, तेव्हा लाखो माणसांनी आपले संगणक त्याला जोडून दिले. सगळ्यांची मिळून ताकद सेकंदाला एकावर अठरा शून्यं एवढ्या आकडेमोडीपलीकडे गेली. तोवर जगातला एकही महासंगणक तिथं पोचला नव्हता. दाराबाहेर पडायला बंदी असलेल्या माणसांची ही इर्जिक! जेवण नाही, यजमानाचं तोंडही दिसायचं नाही.

कुणाला करून बघायचं असेल, तर बर्कलीतच तयार झालेला ‘बॉइंक’ हा प्रोग्राम मोफत मिळतो. यंत्राची किती ताकद द्यायची आणि कोणत्या वेळी, हे त्यात ठरवता येतं. मध्येच वीज गेली तरी काम साधारण जिथवर नोंदलं गेलं तिथून पुढे सुरू होतं. भारनियमन सोसलेल्या आपल्या गावांना याचं मोल कळेल. लॅपटॉप असेल तर तो गादीवर ठेवू नका, फार तापतो. आणि कचेरीतल्या संगणकावर साहेबांना विचारल्याशिवाय हा उद्योग मुळीच नको. तिथली वीज आपली नव्हे.